कुकरची शिट्टी होत नाही, वाफ कडेने जाते: रिंग बदलण्याआधी काय पाहायचं

तक्रार साधारण अशी असते. कुकर लावून पंधरा मिनिटं झाली तरी शिट्टीचा पत्ता नाही, झाकणाच्या कडेने फसफस वाफ येतेय आणि पाण्याचे ओघळ खाली बर्नरवर. रिंग बदलली की आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. तिसऱ्या रिंगेनंतर घरात नव्या कुकरचा विषय निघतो.

बहुतेक वेळा भांडं ठणठणीत असतं. जाड तळाचा चांगला कुकर नीट वापरला तर वीस वर्षं सहज जातो. त्यात झिजतात त्या मोजक्याच गोष्टी: रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांडे आणि त्यांचे स्क्रू. रोजच्या वापरात रिंग वर्षभर टिकली तर तिचं काम झालं. ती महिन्या-दोन महिन्यांनी जात असेल, तर मात्र बिघाड रिंगेत नाही, दुसरीकडे आहे. तो शोधायचा तर आधी वाफ नेमकी कुठून जाते ते पाहायला हवं.

पाण्याची चाचणी

शिट्टीचं वजन वाफेच्या नळीवर बसलेलं असतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोने वाढला की वाफ ते वजन उचलते. या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. दाब वाढण्याआधीच वाफेला दुसरी वाट मिळाली, तर वजन उचललं जाणारच नाही. ती दुसरी वाट रिंगेची असेल, भांड्याच्या काठाची, सेफ्टी व्हॉल्व्हची, किंवा क्वचित झाकणावरच्या रिव्हेटची.

चाचणीला डाळ-तांदूळ नको, नुसतं पाणी घ्या.

१. ५ लिटरच्या कुकरमध्ये ४०० मिली, म्हणजे मोठे दोन कप पाणी घाला. डबे आणि जाळी काढून ठेवा.

२. रिंग, झाकणाची खाच आणि भांड्याचा काठ धुऊन कोरडा पुसा. वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहा.

३. झाकण लावून मोठ्या आचेवर ठेवा. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरवर पाच ते सात मिनिटांत पहिली शिट्टी व्हायला हवी. दहा मिनिटं उलटली तर वाफ गळतेय.

४. एक कोरडी स्टीलची ताटली चिमट्यात धरून काठाच्या भोवती सावकाश फिरवा. वाफ जिथून येते तिथे ताटलीवर दव धरतं. चेहरा आणि हात लांब ठेवा, कारण बाहेर पडता पडता दिसत नसलेली वाफच सगळ्यात जास्त भाजते.

५. गळतीची जागा सापडली की आच बंद करा आणि कुकर पूर्ण गार होऊ द्या. त्या जागी भांड्यावर बाहेरून पेन्सिलीने खूण करा आणि तिथल्याच रिंगेवर बॉलपेनने दुसरी.

६. रिंग पाव फेरा फिरवून बसवा आणि चाचणी पुन्हा करा.

सगळा निकाल या सहाव्या पायरीत आहे. गळती रिंगेवरच्या खुणेबरोबर सरकली तर रिंग खराब. गळती भांड्यावरच्या खुणेपाशीच राहिली तर काठ खराब, आणि तिथे दहा रिंगा बदलल्या तरी काही होणार नाही. सगळीकडून थोडी थोडी वाफ येत असेल तर रिंग कडक झालीये किंवा चुकीच्या मापाची आहे. कडेने काहीच येत नाही आणि तरी शिट्टी नाही, अशा वेळी शिट्टी, नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्हकडे वळा.

एक अपवाद. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये, म्हणजे ज्याचं झाकण तिरकं करून आत घालावं लागतं त्यात, सुरुवातीला थोडी वाफ कडेने जाणं नेहमीचंच. दाब वाढला की तोच झाकणाला खालून वर रेटतो आणि गळती आपोआप थांबते. एवढ्यावरून रिंग टाकून देऊ नका.

रिंग

रिंग गेली का, हे नुसतं बघून कळत नाही. ती दुमडून पाहा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या, किंवा नख रुतवल्यावर रबर दबतच नसेल, तर ती गेली. नवी रिंग जवळ असेल तर दोन्ही एकावर एक ठेवा. जुनी आखडलेली किंवा सैल पडलेली लगेच दिसेल.

विकत घेताना फक्त ‘पाच लिटरची द्या’ म्हणू नका. रिंग लिटरवर ठरत नाही. ती ठरते कंपनी, मॉडेल आणि तोंडाच्या मापावर. एकाच कंपनीच्या तीन वेगवेगळ्या लिटरच्या कुकरना एकच रिंग चालू शकते, आणि दोन कंपन्यांच्या पाच लिटरच्या रिंगा एकमेकींत बसत नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या झाकणाच्या रिंगांचा तर आडवा छेदच वेगळा असतो. जुनी रिंग बरोबर न्या आणि पाकिटावर मॉडेलचं नाव वाचून घ्या. सुटी, पाकीट नसलेली रिंग वीस-तीस रुपयांनी स्वस्त मिळते आणि ‘दर महिन्याला रिंग जाते’ या तक्रारीचं ते पहिलं कारण असतं. नकली रिंगेचा धोका वाफ गळण्यापुरता नाही. काही बाहेरच्या झाकणांना कडेला एक फट ठेवलेली असते. दाब प्रमाणाबाहेर गेला की रिंग त्या फटीतून बाहेर ढकलली जाते आणि दाब मोकळा होतो. जास्त जाड किंवा कडक रिंग तिथून सुटत नाही. उलट, अस्सल रिंग कधी त्या फटीतून बाहेर आली तर तिला नावं ठेवू नका. तिने तिचं काम केलं. नळी तुंबलीये का ते बघा.

नवी रिंग बसवल्यावर झाकण फिरवायला जड जाणं साहजिक आहे. बोटाला तेलाचा हात लावून रिंगेवरून फिरवा, दोन-चार वापरात ती बसते. हातोडीने ठोकून झाकण बंद करावं लागत असेल तर रिंग चुकीची आहे.

चांगली रिंगही लवकर मरते ती कशाने? एक, पाणी आटून कुकर कोरडा तापणं. दुसरं, छोट्या कुकरखाली मोठा बर्नर: ज्वाळा तळाबाहेर येऊन बाजूने चाटत वर जातात आणि काठ भलताच तापतो, दांड्यांचं बेकलाइटही त्यानेच करपून ठिसूळ होतं. तिसरं कारण सगळ्यात जास्त घरांत दिसतं. धुतलेला कुकर झाकण लावून, रिंग आत दाबलेली ठेवून फडताळात जातो. रबर दाबाखाली ओलंच राहतं, त्याला तोच आकार येतो आणि वासही धरतो. धुतल्यावर रिंग काढून खिळ्याला किंवा हुकला लटकवा, झाकण भांड्यावर उलटं ठेवा. रिंगेच्या खाचेत साचणारा तेलकट थर आठवड्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशने काढा. तो तापून कडक झाला की रिंग सपाट बसत नाही.

घरोघरी चालणाऱ्या उपायांबद्दल थोडं. रिंग दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की तेवढ्यापुरती घट्ट बसते, पाहुणे दारात असतील तर ठीक, पण नवी रिंग त्याच दिवशी आणायची. काठाला कणीक लावणं, रिंगेमागे दोरा गुंडाळणं, जुन्या रिंगेवर नवी चढवणं, हे मात्र अजिबात नको. रिंग ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या जाडीनेच बसली पाहिजे. तिच्यामागे काही भरलं की जादा दाबाची एक वाट तुम्हीच बंद करता.

काठ: डाव आपटण्याची सवय

भाजी ढवळून झाली की डाव कुकरच्या काठावर ठण्‌कन आपटायचा, ही सवय कुकरचं आयुष्य जितकं कमी करते तितकं दुसरं काही करत नसेल. ॲल्युमिनियम मऊ असतं. रोज त्याच हाताने, त्याच बाजूला बसणाऱ्या ठोक्यांनी काठावर बारीक खड्डे पडतात. खुणेची चाचणी काठाकडे बोट दाखवत असेल तर भांडं रिकामं करून काठावरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा नखाला लागतो. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचं तोंड ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर उपडं ठेवून हलतं का तेही बघा. आतून टॉर्च लावली तर फटीतून उजेड दिसतो.

नुसती खरखर असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. एवढंच घरी करायचं. कानस लावू नका, त्याने खड्डा जात नाही, काठच खाली जातो. काठ पिचला किंवा तोंड वेडंवाकडं झालं असेल तर कुकर कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवा. ठोकून सरळ केलेला काठ दिसायला बरा असतो, पण धातू तिथे ताणलेला राहतो. बाजूच्या भिंतीला पोचा आला असेल आणि काठ शाबूत असेल, तर गळतीशी त्याचा संबंध नाही.

शिट्टी आणि नळी

कडेने वाफ नाही, शिट्टीतून मात्र एकसारखी बारीक वाफ आणि पाणी येतंय, वजन उचललं जात नाही. नळीच्या टोकावर किंवा वजनाच्या आतल्या खळग्यात डाळीचा वाळलेला फेस चिकटलेला असतो. वजन त्यामुळे पूर्ण टेकत नाही. शिट्टी गरम पाण्यात भिजवून आतून ब्रशने घासा, नळीत जाड दोरा किंवा पिन घालून साफ करा. ब्लेडने खरवडू नका, बसण्याची जागा ओरखडली की गळती कायमची.

शिट्टीला वजन असतं आणि ते वजनच दाब ठरवतं. म्हणून एका कंपनीची शिट्टी दुसऱ्या कुकरवर ‘बसते’ म्हणून वापरायची नाही. हलकी असेल तर डाळ कच्ची राहील, जड असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हवर भार येईल.

शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा, फरशी, भिंत रंगते, ही वेगळी तक्रार. याला रिंग-शिट्टी जबाबदार नसते, भरलेलं प्रमाण असतं. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि डाळ, तांदूळ, कडधान्यं थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्यापर्यंतच. डाळ फेसाळते, फेस नळीत शिरतो, नळी तुंबली की पुढचं सगळं सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर. डाळीत चमचाभर तेल घातलं तर फेस कमी होतो. डब्यात वरण लावताना डाळीवर झाकण ठेवा आणि तो डबा काठोकाठ भरू नका. आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

शिट्ट्या मोजण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं. ‘तूरडाळीला चार शिट्ट्या’ हे माप घराघरात आहे, पण ते आचेवर, पाण्यावर आणि कुकरच्या मापावर बदलतं. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर तेवढ्याच वेळात एखादीच. डाळ शिजते ती १२० अंशांवर काढलेल्या वेळामुळे. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ लावा: अर्धा तास भिजवलेली तूरडाळ दहा ते बारा मिनिटं, रात्रभर भिजवलेला राजमा किंवा छोले वीस ते पंचवीस. वाफ वाया जात नाही म्हणून पाणी आटत नाही आणि रिंग, व्हॉल्व्ह दोन्ही वाचतात.

काही कुकरच्या माहितीपत्रकात नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवा असं सांगितलेलं असतं. आत हवा अडकून राहिली तर दाब भरतो, पण त्यातला काही वाटा हवेचा असतो आणि तापमान १२० पर्यंत पोचत नाही. शिट्ट्या होऊनही डाळ बोटचेपी राहते त्याचं हे एक कारण. डाळ जुनी असणं हे दुसरं.

सेफ्टी व्हॉल्व्ह

झाकणाच्या मध्याजवळ किंवा दांड्याशेजारी बसवलेली ती छोटी गोल कळ. तिच्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा असतो. पाणी संपून कुकर कोरडा तापला किंवा नळी तुंबून दाब वाढला की तो वितळतो आणि भोकातून वाफ सुसाट वर जाते. तसं झालं तर आधी गॅस बंद करा. झाकणाजवळ जायचं ते नंतर.

मग व्हॉल्व्ह बदला. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. झाकणाच्या आतून नट पान्ह्याने धरून जुना काढा, भोकाभोवतीचा मळ पुसा, वॉशर असेल तर नवाच घाला, नट बोटांनी घट्ट करून वर पाव फेरा द्या. व्हॉल्व्हच्या भोकात एम-सील भरणं, डाग द्यायला झाकण कुणा कारागिराकडे देणं, स्क्रू आणि वॉशर ठोकून बंद करणं, हे तिन्ही प्रकार पाहायला मिळतात. असं झाकण घरात ठेवूसुद्धा नका. व्हॉल्व्हच्या बुडातून अधूनमधून बारीक वाफ येत असेल तर बहुधा नट सैल असतो किंवा वॉशर कडक झालेलं असतं, तेवढं आधी पाहा.

आणि व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उडत असेल? तो खराब नाही. बहुधा तळाशी पाणी कमी पडतंय किंवा नळी तुंबतेय. डबे लावताना ५ लिटरच्या कुकरमध्ये दोन कप पाणी हवंच. वीस मिनिटांच्या वर शिजवायचं असेल तर तीन. मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या घेणाऱ्या घरात हेही पुरत नाही, कारण प्रत्येक शिट्टीला पाणीच उडून जातं.

तळ फुगलाय, कुकर डुगडुगतो

स्टीलची पट्टी तळावर आडवी ठेवा. मध्ये किंवा कडेला फट दिसली तर तळ वाकलाय. कोरडा तापलेला कुकर नळाखाली धरणं हे त्याचं नेहमीचं कारण. गॅसवर थोडासा बाक चालून जातो. इंडक्शनवर आणि काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर चालत नाही, कारण तिथे तळ टेकलेलाच हवा. अमेरिका-युरोपात इथून कुकर नेणाऱ्यांनी इंडक्शन तळाचा कुकर घ्यावा. साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. कॉइलच्या शेगडीवर शिट्टी झाल्यावर बटण बारीक केलं तरी कॉइल बराच वेळ तापलेली राहते, म्हणून कुकर उचलून बाजूला ठेवायची सवय लावा. सामानात दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह टाका, तिकडे तोच मिळेल याचा भरवसा नाही.

आतून काळा पडतो, खड्डे पडतात

काळेपणा हा जड, खारट पाण्याचा ॲल्युमिनियमवर होणारा परिणाम. दिसतो वाईट, कुकरला अपाय करत नाही. डब्यांखालच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल, चिंचेचं बुटूक किंवा दोन आमसुलं टाकली की काळं पडत नाही. पडलेलं काढायला तेच पाण्यात घालून दहा मिनिटं उकळा. सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियमच खातो. हार्ड ॲनोडाइज्ड, म्हणजे करड्या-काळ्या रंगाच्या कुकरला मात्र आंबटही नको आणि तारेची घासणीही नको. त्याचा रंग हा वरचा थर आहे, तो गेला की परत येत नाही.

खड्डे ही खरी काळजीची गोष्ट. मिठाचं पाणी किंवा आंबट आमटी रात्रभर कुकरमध्ये राहिली की ॲल्युमिनियमला टोचल्यासारखी बारीक भोकं पडू लागतात आणि त्यात पांढरी पूड दिसते. स्टीलच्या कुकरलाही हे होतं, फक्त सावकाश. पाणी उकळल्यावर मीठ घालणं आणि जेवण झालं की उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढणं, एवढं पुरतं. एखादा खड्डा खोल असेल, बाहेरच्या बाजूने ओल किंवा पांढरा डाग दिसत असेल, तर तो कुकर संपला.

दांडे आणि झाकण उघडणं

दांडा हलत असेल तर स्क्रू आवळा, पण बेकलाइट चिरेल इतका नाही. चिरलेला दांडा बदला, तो सुटा मिळतो. बाहेरच्या झाकणात खालचा-वरचा दांडा एकमेकांवर नीट येत नसतील तर अडकवणाऱ्या कडा झिजल्या आहेत. असं झाकण दाबाखाली निसटू शकतं, त्याला दुरुस्ती नाही.

वाफ आपोआप जिरायला आठ-दहा मिनिटं लागतात. घाई म्हणून शिट्टी वर उचलली की डाळीचा फेस नळीत चढतो आणि पुढच्या वेळची तक्रार तयार होते. आतल्या झाकणाचा कुकर दाब असेपर्यंत उघडतच नाही. बाहेरच्या झाकणाचा जोर लावून उघडता येतो, अपघात होतात ते तिथे. पूर्ण गार झाल्यावरही झाकण सुटत नसेल तर आत पोकळी तयार झालेली असू शकते: शिट्टी काढा, तरीही नाही सुटलं तर मिनिटभर बारीक आचेवर ठेवा.

बदलायचाच असेल तर

काठ वाकलेला, खोल खड्डे, झिजलेल्या अडकवण्याच्या कडा, किंवा सुटे भाग मिळेनासं झालेलं मॉडेल, या चार कारणांनी कुकर मोडीत घालावा. नवा घेताना आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला ती सक्तीची आहे. खुणेजवळचा सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. चार-पाच माणसांना डब्यांसह ५ लिटर, दोघांना ३ लिटर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराला तिथेच विचारा: या मॉडेलची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आत्ता दाखवा. त्याच्याकडे नसतील तर दुसरं मॉडेल घ्या. जुन्या कुकरची शिट्टी ‘असू दे’ म्हणून ओट्याच्या खणात ठेवू नका, ती कधीतरी नव्यावर चढतेच.